कोहळ्याला पहिला चाकू

वहिनी, काल तुमची तेरवी झाली. आज सकाळी बादली घेऊन मी तुमच्या वेलांच्या मांडवाखाली गेलो, आणि कोणत्या झाडाला किती पाणी लागतं हे आपल्याला माहीतच नाही, असं माझ्या ध्यानात आलं. वालाला टाकलं, ते सरळ भिंतीकडं वाहून गेलं. पपईच्या बुंध्याशी टाकलं आणि टाकल्यावर आठवलं, की पपईच्या पायात पाणी साचलं की ती सडते, असं तुम्ही म्हणायचात. मग चपलेनं नाली काढायला गेलो आणि सांबाराचा अर्धा वाफा तुडवला, चपलेला कोथिंबिरीचा वास. आयुष्यभर सिंचाई विभागात बाबूगिरी केलेला माणूस मी. तुम्ही असतात तर तोंडाला पदर लावून हसला असतात.

काही सांगून जायचं होतं. निदान पाण्याचं तरी. मी रागात लिहितो आहे, हे आधीच सांगून ठेवतो. काल पेंडालात सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. कोणाला तुम्ही बाळंतपणात शेवग्याचा पाला पोचवला होता, कोणाच्या घरी उन्हाळाभर लिंबं दिली होती. मला जे बोलायचं आहे ते चार लोकांत बोलण्यासारखं नाही.

दादा गेला तेव्हा तुम्ही चाळिशीच्याही नव्हतात आणि तुमची नीता सहावीत होती. घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. पुढं दोन दारं, एक तुमचं आणि एक माझं-सुमनचं. मागं अंगण मात्र एकच, मधे कमरेएवढी भिंत. तुमच्याकडचा भाग तेव्हा नुसता मुरूम होता. दादाचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही टिकास घेऊन तो मुरूम खणायला लागलात. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. सुमन म्हणाली, “खणू द्या त्यायले. रडण्यापेक्षा बरं हाय.”

मग तुम्ही माती आणली. लोधीखेड्याला माहेरी गेलात की तिथल्या वावरातली काळी माती पोत्यात भरून बसनं आणायचात. कंडक्टर कटकट करायचा आणि तुम्ही त्याला पुढच्या खेपेला दोडकी द्यायचात. असं किती वर्षं चाललं ते मला आठवत नाही. मोरीचं पाणी विटांच्या नालीतून फिरवलंत. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या बांधून मांडव केलात. वाल, चवळी, दोडकं, भेदरं, सांबार, एक पपई, एक लिंबू, कोपऱ्यात संत्र्याचं एक झाड. मे महिन्यात आपल्याकडं कौलं तापून राहतात, तेव्हा तुम्ही जुन्या साड्या मांडवावर टाकून रोपांना सावली करायचात. दादानं आणलेली हिरवी साडीसुद्धा एका वर्षी भेदऱ्यांवर, साध्या टमाट्यांवर, टाकलीत. मला ते खटकलं होतं. मी काही बोललो नाही, पण खटकलं होतं, तेही आज सांगतो.

आणि कोहळं. बाहेरचे लोक लाल भोपळा म्हणतात, ते आपलं कोहळं. तुमचा वेल मांडवावरून माझ्या टिनाच्या छपरावर यायचा आणि तिथं निवांत पसरायचा. बाईनं अख्ख्या कोहळ्याला पहिला चाकू लावायचा नाही, हे आपल्याकडं कोणी शिकवत नाही, आपोआपच माहीत असतं. कोहळं म्हणजे घरातला थोरला पोरगा, असं आई सांगायची. आधी घरच्या माणसानं चाकू लावायचा, मग बायांनी चिरायचं. तुमच्या घरात माणूस नव्हता. म्हणून दिवाळी झाली की भिंतीवरून हाक यायची, “भाऊजी, कोहळं निघालं जी. चाकू लावून द्या.”

मी कुरकुरत यायचो. तुम्ही कोहळं धुऊन पाटावर ठेवलेलं असायचं, चाकू पुसलेला, खाली जुना पेपर. मी एक घाव घालायचो, बस. पुढचं सगळं तुमचं. पण तेवढ्यात तुम्ही चहा टाकलेला असायचा आणि मला बसावं लागायचं. अर्धा तास, कधी तास. नीताच्या कॉलेजचं तिथंच ठरलं. तिला सौसरला द्यायचं तेही तिथंच ठरलं. दादाचं नाव तुम्ही एरवी कधी काढायचा नाहीत, कोहळ्याच्या चहाला मात्र काढायचात. “त्यायले बिया भाजून आवडत,” म्हणायचात आणि बिया धुऊन सुपात पसरायचात. अर्ध्या भाजायच्या, अर्ध्या राख चोळून पुढच्या सालासाठी बरणीत.

“एवढ्या एका घावासाठी मला उठवता तुम्ही,” मी म्हणायचो.

“कोहळं काय काकडी हाय, भाऊजी?”

पावसाळ्यात तुमचं दुसरंच चालायचं. सकाळी सकाळी नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, ते मादी फुलात फिरवायचं. कोहळ्याचं फूल ऊन चढायच्या आत मिटतं, म्हणून घाई. मधमाश्या कमी झाल्या, संत्र्यांच्या बगिच्यांतल्या फवारणीनं मेल्या, असं तुमचं म्हणणं होतं. मी त्याला लग्न लावणं म्हणायचो. मग तुम्हीच भिंतीवरून ओरडायचात, “या भाऊजी, मुहूर्त टळून राहिला.” मी टूथब्रश तोंडात धरून यायचो आणि भटजीसारखं काहीतरी पुटपुटायचो. सुमन तिकडून म्हणायची, हे दोघं म्हातारपणी लहान झाले.

एकदा नुकत्या धरलेल्या सुपारीएवढ्या फळाकडं मी बोट दाखवलं. तुम्ही माझं मनगट धरून खाली केलंत. कवळ्या फळाला सरळ बोट दाखवायचं नसतं, सडतं, बोट वाकवून दाखवायचं. मी मुद्दाम पुन्हा सरळ बोट दाखवलं. आठ दिवसांत ते फळ पिवळं पडून गळलं आणि तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मी सांगत राहिलो की फळमाशीनं डंख मारला असेल, नाहीतर परागण नीट झालं नसेल. तो वाद आपला संपलाच नाही. माझं म्हणणं अजून तेच आहे.

मग आपलं पांढुर्णा गाव जिल्हा झालं. नवी ऑफिसं उघडली, बाहेरगावचे बाबू आले, आणि चहाच्या टपरीवर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय, किरायानं खोली आहे का. मी नुकता रिटायर झालो होतो. रिकामं डोकं होतं, त्यात खोल्या आल्या. मागच्या अंगणात दोन खोल्या, गल्लीकडून दार. त्यासाठी अंगण पूर्ण लागत होतं. कागदावर नकाशा काढून मी तुमच्याकडं आलो. तुम्ही चवळीच्या शेंगा निवडत होतात. नकाशा बघितलात, सुलटा करून पुन्हा बघितलात.

“नाही जी, भाऊजी. तुमच्या अर्ध्यात काय बांधायचं ते बांधा. माह्या मांडवाले हात नका लावू.”

“अर्ध्यात खोली होते का? कोंबड्याचं खुराडं होते.”

“मंग खुराडं बांधा.”

सुमन हसली. तिनं हसायला नको होतं, पण हसली. आणि मी, ज्यानं आयुष्यभर साहेबासमोर आवाज चढवला नाही, तो तुमच्यासमोर चढवला. मी म्हणालो, “दोन वेलांसाठी एवढी जागा अडवून बसल्या तुम्ही. जागा आमच्या बापाची आहे. कोणी लोधीखेड्याहून पोत्यात भरून नाही आणली.”

तुम्ही शेंगा निवडायच्या थांबलात. माझ्याकडं बघितलंत. रडला असतात किंवा शिवी दिली असतीत तर मी तिथंच पाय धरले असते, असं मला आज वाटतं. खरं असेलच असं नाही. तुम्ही हळूच म्हणालात, “माती आणली व्हती ना, भाऊजी.” आणि टोपली उचलून आत गेलात.

वहिनी, ते वाक्य मला परत घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशीच घ्यायचं होतं. मी भिंतीशी आलोही होतो, पण तुम्ही पाठमोऱ्या होतात आणि पाठमोऱ्याच राहिलात. मी खोकलो. तुम्ही दोडक्याचा वेल बांधत राहिलात. तुम्हाला ऐकू आलं होतं, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून सगळा दोष मी एकट्यानं घेणार नाही. तुमचा ताठा काही कमी नव्हता.

त्या दिवाळीला हाक आली नाही. वेल नेहमीसारखा माझ्या छपरावर पसरला होता, वर चांगली पाच-सहा कोहळी. एका सकाळी बघतो तर छप्पर रिकामं. मी बाजारात गेलो असताना तुम्ही शिडी लावून उतरवून नेली होती. घावाचा आवाज नाही, चहाचा वास नाही. मी सुमनला विचारलं, “वहिनीकडं कोहळ्याला चाकू कोण लावून राहिलं?” ती म्हणाली, “मले काय माहीत. तुमी जाऊन विचारा.”

ते मला जामसावळीला कळलं. शनिवारी मी आणि सुमन हनुमानाच्या दर्शनाला गेलो होतो. देवळातल्या भंडाऱ्याच्या पंगतीत कोहळ्याची भाजी होती, मेथीदाणे आणि गूळ घातलेली. मी दुसऱ्यांदा मागून घेतली, वर वाढणाऱ्याला म्हणालो, कोहळं गोड आहे. तो म्हणाला, “एक बाई आणून देते, पांढुर्ण्याची. अख्खेच आणून ठेवते.” सुमन खाली बघून जेवत होती. तिला सगळं माहीत होतं. तुम्ही नीताकडं सौसरला जाताना पिशवीत कोहळी घालून न्यायचात आणि तिथून जामसावळीला पोचवायचात. घास तोंडात होता तो मी गिळला, पण पानातली भाजी तशीच ठेवून उठलो. देवाचा प्रसाद टाकला. इतका मी तुमच्यावर चिडलो होतो. माझ्या छपरावर वाढलेलं कोहळं मला सोडून सगळ्या जगाला, असं मला वाटलं. आपण काय बोललो होतो ते मला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.

पुढचं वर्षही तसंच गेलं. तुम्ही सुमनशी बोलायचात, माझ्याशी कामापुरतं. खोल्या काही बांधल्या गेल्या नाहीत. नकाशा कपाटात गेला आणि मी नुसता ओट्यावर बसून पेपर वाचायला लागलो.

आणि या दिवाळीनंतर, पंधरा-सोळा दिवस झाले असतील, हाक आली.

“भाऊजी, कोहळं निघालं जी.”

मी पेपर वाचत होतो. ऐकलं, नीट ऐकलं. पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो, लपवून आता काय करायचं आहे? मला वाटलं, वाकल्या. दोन वर्षांनी का होईना, वाकल्या. आता मी दोन दिवस ताणणार. पेपर खाली न करता मी म्हणालो, “आज नाही जमत. उद्या पाहू.” मला काम काहीच नव्हतं. तुम्ही म्हणालात, “बरं.” दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीशी आलात. “भाऊजी, आज?” मी म्हणालो, “उद्या येतो.” आणि खरंच उद्या येणार होतो. सुमनला सांगून ठेवलं होतं, उद्या सकाळचा चहा मला देऊ नको.

त्या पहाटे तुमच्या छातीत दुखायला लागलं. सुमननं तुम्हाला रिक्षात घातलं, मी पुढं बसलो. मागं वळून मी विचारलं, “वहिनी, बरं वाटतं का?” तुम्ही मान हलवलीत, हो की नाही ते कळलं नाही. दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं होतं. घरी आणलं तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर ते कोहळं धुऊन ठेवलेलं होतं. खाली पेपर. चाकू पुसलेला.

बारा दिवस ते तिथंच होतं. कोणी हात लावला नाही, मी लावू दिला नाही. काल आचारी कोहळी चिरायला बसले तेव्हा मी ते आणलं आणि त्यांना म्हणालो, थांबा, याला चाकू मी लावतो. सगळ्यांसमोर खाली बसलो. मला वाटत होतं, निदान एवढं तरी. घाव तिरपा गेला, दुसरा घालावा लागला. नीता माझ्याजवळ उभी होती. दिवसभर रडली नव्हती, तेव्हा रडायला लागली.

“काका, आई तर आपल्या हातानंच फोडे,” ती म्हणाली.

“काय?”

“कोहळं. माह्याकडं यायची तवा स्वतःच चाकू घेऊन बसे. माही सासू म्हणाली, अवो बाई, आपण नाही लावत. तर म्हणे, कोहळ्याले काय समजते बाई हाय का माणूस? आमच्याकडं किती वर्षांपासून तीच फोडून राहिली.”

मी म्हणालो, “मग मला कशाला बोलवायची दर वेळी?”

नीतानं पदरानं नाक पुसलं. “मी पण विचारलं होतं. तर म्हणे, तेवढ्या निमित्तानं घरात कोणी येऊन बसते.”

वहिनी, हे तुम्ही मला सांगायचं होतं. मी काय परका होतो का? भाऊजी, जरा येऊन बसा, एवढं म्हणायला काय लागत होतं? मी कुरकुर केली असती, पण आलो असतो. आलो असतो का? विधवा भावजयीकडं विनाकारण चहाला जाणारा दीर, गल्लीत काय बोलले असते, ते तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं. म्हणून तुम्ही कोहळं पुढं केलंत. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी तुमच्या उपयोगी पडतो. तुमची नड होती म्हणून मी येतो, असं समजून मी चहा पीत होतो, आणि वर उपकाराचा चेहरा. आणि जेव्हा तुम्ही दोन दिवस लागोपाठ भिंतीशी आलात तेव्हा तुम्हाला चाकू लावायला माणूस नको होता. चाकू तर तुम्हाला लावता येत होता. कोणीतरी येऊन बसायला हवं होतं, कदाचित त्याच दिवसांत तुम्हाला बरं वाटत नसेल. मी पेपर खाली केला असता तर तुमचा चेहरा दिसला असता.

निघताना नीता म्हणाली, “काका, मागं खोल्या बांधायच्या असतील तर बांधा. मले काही नको त्यातलं.” किती साधेपणानं म्हणाली. दोन वर्षं ज्यासाठी मी तोंड फिरवून बसलो ते तिनं बसमध्ये चढता चढता देऊन टाकलं. मला तिच्यावरसुद्धा राग आला. नाही म्हण, भांड माझ्याशी, असं वाटलं. तिच्या पिशवीत मी राखेतल्या बियांची बरणी घातली. अर्ध्या बिया काढून ठेवल्या, तुम्ही ठेवायचात तशा.

आता संध्याकाळ झाली आहे. दुपारी छपरावर चढून बघितलं, तर पानांखाली आणखी एक कोहळं निघालं, देठ वाळलेला, तयार. सुमनला ते दाखवताना बोट वाकवून दाखवलं, पटत नसताना. मी ते उतरवून तिच्याकडं दिलं. ती धुवायला आत घेऊन गेली. मी मोरीवर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, आणि ओट्यावर येऊन बसलो. पेपर घेतला नाही. आतून हाक येईल, म्हणून दाराकडं बघत बसलो.

काल नीता कोहळ्याचं ते बोलली तेव्हा सुमन तिच्या मागंच उभी होती, हे माझ्या लक्षात नव्हतं. आतून चाकूचा आवाज आला. एकच घाव, सरळ. मग ती चिरायला लागली.